लोणारच्या फोटोतलं काय पुसावं?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो मोबाइलवर आले, तेव्हा 'हे एडिट केलेलं असणार' अशी शंका येणं साहजिक होतं. पण रंग खरा होता. नासाने लँडसॅट ८ उपग्रहाची २५ मे आणि १० जूनची छायाचित्रं शेजारी शेजारी प्रसिद्ध केली, त्यात बदल स्पष्ट दिसतो. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं.

खऱ्या फोटोवरही संशय यावा, इतकं एडिटिंग आता सोपं झालं आहे. त्यातलं एक जुनं आणि अजूनही सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे क्लोन टूल. ते नवीन काहीच काढत नाही. फोटोतल्याच एका जागेचे पिक्सेल उचलून दुसऱ्या जागी ठेवतं, बस.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा फोटो काढलात आणि आकाशात विजेची तार आली, असं समजा. फोटोशॉपमध्ये आधी एक रिकामा लेअर घ्या आणि क्लोन टूलच्या 'सॅम्पल'मध्ये 'करंट अँड बिलो' निवडा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागणार नाही. ऑल्ट दाबून तारेलगतच्या आकाशावर क्लिक करा. गिंप या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कंट्रोल दाबतात. मग तारेवरून ब्रश फिरवा. आकाशात ब्रशची कड मऊ हवी, दगडाच्या कडेशी थोडी कडक. एकाच जागेवरून सतत उचलू नका, नाहीतर तोच ढग पुन्हा पुन्हा उमटतो आणि चोरी पकडली जाते. छटा जुळत नसेल तर हीलिंग ब्रश घ्या. २००२ च्या फोटोशॉप ७ पासून आलेला हा ब्रश पोत उचलतो आणि रंग-उजेड आजूबाजूशी जुळवून घेतो.

२००६ मध्ये बैरूतच्या फोटोत अदनान हज या छायाचित्रकाराने धूर वाढवला, तो असाच पकडला गेला. धुराचे लोट एकाच साच्यातले दिसत होते. रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्याचे सगळे, ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले.

आजीच्या जुन्या फोटोवरची घडीची रेघ, लेन्सवरच्या धुळीचा ठिपका खुशाल काढा. स्टुडिओवाले पूर्वी ब्रशने टचिंग करत, त्याचाच हा पुढचा टप्पा. घरात लावायच्या फोटोतली तार काढली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच मंदिरावरची भंगलेली मूर्ती शेजारच्या मूर्तीवरून भरून काढणं मला अजिबात मान्य नाही. उद्या कुणी अभ्यासक तो फोटो पाहून दगडाची अवस्था ठरवेल. सरोवराच्या काठावरचा कचरा पुसणं तर त्याहून वाईट. २०२० मध्येच लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तिथला कचरा दिसलाच पाहिजे, तरच कुणी तो उचलेल.

लोणारला जाल तेव्हा फोटो जरूर काढा. मात्र मूळ फाइल तारखेसह जपा, आणि काही पुसलं असेल तर फोटोखाली तसं लिहा.