महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापन : पुणे शहरातील कारकिर्दीचा मार्ग

प्रस्तावना :

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. स्मिथ महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका सेंडा बेरेन्सन यांनी अल्पावधीतच त्याचे नियम बदलून तो विद्यार्थिनींना शिकविला. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर तेथे महिला क्रीडेचा विस्तार झाला. पुढे प्रवास, निवास, खर्च व सरावाचे वेळापत्रक पाहणारा स्वतंत्र संघव्यवस्थापक नेमला जाऊ लागला. पुण्यातील महाविद्यालयांत ही कामे प्रामुख्याने शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदात सामावलेली आहेत. त्या पदापर्यंतचा मार्ग स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्याचे स्वरूप :

आंतरमहाविद्यालयीन व आंतरविभागीय स्पर्धांतून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. प्रत्येक टप्प्यावर खेळाडूंचे पात्रता अर्ज, प्रवेशिका, रेल्वे आरक्षण, गणवेश, प्रथमोपचार, हजेरीची सवलत व हिशेब यांची पूर्तता करावी लागते. एखादा कागद राहून गेल्यास वर्षभर सराव केलेली विद्यार्थिनी स्पर्धेस मुकू शकते.

पात्रता व मार्ग :

या कारकिर्दीचा आरंभ बहुधा मैदानावरच होतो. बी.पी.एड. व एम.पी.एड. ही त्यानंतरची पायरी होय. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ पासून हे प्रशिक्षण देत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संचालकपदासाठी ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, स्पर्धांतील प्रतिनिधित्व, नेट अथवा सेट आणि शारीरिक क्षमता चाचणी आवश्यक आहे. विहित पद्धतीने मिळविलेल्या पीएच.डी.मुळे नेट-सेटमधून सूट मिळू शकते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. प्रशिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका उपयुक्त ठरते.

अडचणी :

संचालकाकडे सर्व खेळांची जबाबदारी असते. त्यामुळे एकाच संघासाठी पुरेसा वेळ देणे कठीण होते. संचालक पुरुष असल्यास दौऱ्यावर महिला व्यवस्थापक म्हणून अन्य विषयाच्या प्राध्यापिकेस जावे लागते. विद्यार्थिनींची सुरक्षितता, आजारपण व पालकांशी संपर्क यांचा भार तिच्यावर असतो. मात्र त्यासाठी वेगळे प्रशिक्षण तिला क्वचितच मिळते. खेळ सोडणाऱ्या अनुभवी विद्यार्थिनींना या कामाची ओळख नसल्याने त्यांचे ज्ञानही वाया जाते.

समारोप :

पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषविले. अशा गुणवत्तेस महाविद्यालयीन स्तरावर सुव्यवस्थित आधाराची गरज असते. नवे पद निर्माण होण्यास विलंब लागला तरी काही उपाय आजही शक्य आहेत. माजी खेळाडूंना सहव्यवस्थापक म्हणून मानधनावर घेता येईल, दौऱ्यावरील प्राध्यापिकेचे काम कार्यभारात धरता येईल आणि एम.पी.एड.च्या विद्यार्थिनींना संघव्यवस्थापनाचे प्रात्यक्षिक देता येईल. मैदानावरील अनुभवाला व्यवस्थापनाची जोड मिळाल्यास खेळणे थांबल्यानंतरही विद्यार्थिनींना क्रीडाक्षेत्रात सन्मानाने राहता येईल.