दवबिंदू : निकस जमिनीवरील कीटकभक्षक वनस्पती

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे १९८९ साली मोठे बंदर सुरू झाले. तेथील खाडीकाठी, जेथे भरतीचे पाणी शिरते, तेथे तिवरांखेरीज फारसे काही वाढत नाही. अशा खार जमिनीत भात घ्यावयाचे तर बांध घालून समुद्राचे पाणी थोपवावे लागते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’सारखे क्षार सोसणारे भाताचे वाण काढले ते याच गरजेपोटी. तथापि या चिखलात मीठ अधिक असले, तरी भरतीबरोबर गाळ व सेंद्रिय द्रव्ये येत असतात. कोकणातील जांभ्याच्या सड्यांची स्थिती याच्या उलट आहे. तेथे मीठ नाही. परंतु मातीचा थर कोठे चार बोटे, कोठे तेवढाही नाही, आणि त्यातील नत्र पावसाच्या धारांबरोबर वाहून जाते.

अशा सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू ही चिमुकली वनस्पती उगवते. रत्नागिरी व सिंधुदुर्गचे सडे आणि साताऱ्याजवळील कास पठार ही तिची ठिकाणे होत. तिच्या दोन जाती विशेष आढळतात. एक जमिनीला चिकटून रुपयाच्या नाण्याएवढे चक्र करते व तिला पांढरी फुले येतात. दुसरीची पाने सुतासारखी लांब व फुले गुलाबी असतात. पानांवर तांबूस केस असून प्रत्येकाच्या टोकाशी चिकट थेंब असतो. उन्हे वर आली तरी हे दव सुकत नाही, यावरून रोप चटकन ओळखू येते.

चिलट वा मुंगी थेंबास चिकटली की केस तिच्याकडे वळतात. पानातून पाचक रस स्रवतो, किड्याचा मऊ भाग विरघळतो व त्यातील नत्र आणि स्फुरद पान शोषून घेते. उरते ते रिकामे कवच. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे दवबिंदूही सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते. किडे हे तिचे खत होय. चार्ल्स डार्विन यांनी पानांवर मांस, अंड्याचा पांढरा बलक इत्यादी पदार्थ ठेवून पाहिले आणि नत्रयुक्त पदार्थांस पाने विशेष प्रतिसाद देतात, असे १८७५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले.

मग पिकावरील कीड मारण्यास ही वनस्पती लावावी काय, असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतील. त्याचे उत्तर नाही असेच आहे. तुडतुडे वा खोडकिडा यांचा बंदोबस्त करण्याइतकी तिची शक्ती नाही. शिवाय खत घातलेल्या जमिनीत ती टिकत नाही. नत्र मिळताच गवत माजते व त्याच्या सावलीत हे ठेंगणे रोप मरते. हौसेने उपटून परसात लावलेले रोपही सहसा जगत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. उन्हाळ्यात सडा करपलेला, ओसाड दिसतो, आणि मग भराव, चिऱ्याची खाण वा सुरुंग लावून कलमांचे खड्डे यांसाठी तो सहज सुचविला जातो. कलमांचे उत्पन्न खरे आहे, त्यास कोणी नाही म्हणणार नाही. परंतु दवबिंदूचे बी त्याच पातळ मातीत पुढील पावसाची वाट पाहत असते. ती खरवडली की तेथे पुन्हा रोप उगवत नाही. म्हणून जागेची पाहणी मे महिन्यात न करता भाद्रपदात करावी. पाण्याने निथळणाऱ्या कातळाशेजारी, गवताच्या बुडाशी वाकून पाहिल्यास तांबूस ठिपके दिसतील. तेवढा तुकडा नकाशावर खूण करून सोडावा व कलमांसाठी खोल मातीची उतरण निवडावी.