पाण्यात पडलं की पोहता येतं?



विचुंब्याचा आमचा कातकरी मुलांचा संध्याकाळचा वर्ग पाहायला येणारे हितचिंतक एक प्रश्न हमखास विचारतात : "या मुलांना सरळ इंग्रजी माध्यमात का घालत नाही? पाण्यात पडलं की पोहता येतं!"

म्हण खोटी नाही. 1965 साली कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी पूर्ण फ्रेंचमधून बालवर्ग सुरू करवला. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांची इंग्रजीही मागे पडली नाही. पण तिथे शिक्षिकेला मुलांची भाषा समजत होती. सुरुवातीला मूल इंग्रजीत बोलले तरी चालत असे. दुसरीपासून इंग्रजीचे तासही होते. घरीदारी त्या भाषेला मान होता. मुले पाण्यात होती, पण पायाखाली जमीन होती.

आमच्या मुलांना परकी वाटणारी पहिली भाषा मराठीच आहे. कातकरी बोली मराठीच्या नात्यातली, म्हणून आपण तिला 'अशुद्ध मराठी' समजतो आणि मूल बोलले की लगेच दुरुस्त करतो. मग ते बोलायचेच थांबते.

ही चूक मीही केली. एक मुलगी दोन महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. मी वहीत तिच्या नावापुढे 'मंद' असे लिहिले. एकदा वाडीवर गेले, तर ती भावंडांना हातवारे करून प्रभूने वादळ शांत केल्याची गोष्ट आपल्या बोलीत सांगत होती. ती मीच वर्गात मराठीत सांगितली होती! नवी भाषा आधी कानाला कळते, जिभेवर उशिरा येते. तो शब्द मी त्याच रात्री खोडला.

आता वाडीतलीच एक ताई वर्गात मदतीला असते. गोष्ट आधी कातकरीत होते, मग तीच चित्रे आणि खेळ यांतून मराठीत. मुलाने कोणत्याही भाषेत उत्तर दिले तरी ते बरोबर धरतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही, शक्य तेथवर, मातृभाषेतून शिकवा असेच सांगतो.

मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले, लोकांची भाषा शिकले आणि 1616 मध्ये त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. शिकवणाराच आधी पाण्यात उतरला. पन्नासाव्या दिवशीही पवित्र आत्म्याने लोकांना एका भाषेत आणले नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले.

प्रार्थनेचे विषय :

• दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात; मुलांचे शिक्षण तुटू नये.

• आणखी एका कातकरी मदतनीस ताईच्या मानधनाची सोय व्हावी.

• शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी मुलांकडून दहा शब्द शिकावेत. आपणही या!