टाकी भरायलाच हवी

अडीच फुटांपर्यंत काळी, चिकट माती निघत होती. टिकावाला लागायची, फावड्याला लागायची, चपलेला लागायची. मग टिकावाचा आवाज बदलला. गवंड्याने वाकून मूठभर माती उचलली, चुरगळली. पिवळसर, भरड मुरूम. "आता लागला," तो म्हणाला. "काळ्यात पाणी जागचं हलत नाही. मुरमात मात्र कुठं जायलंय ते कळतबी नाही."

नांदेड जिल्ह्यातलं हे लहानसं गाव. शाळेच्या मागच्या गल्लीत एका घराच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं रस्त्यावर वाहत होतं; तिथंच आज शोषखड्डा खणून दाखवायचा होता. आसपासच्या गावांतले आठ-दहा गवंडी, ग्रामसेवक, आशाताई आणि चहाच्या आशेने थांबलेले काही म्हातारे एवढेच श्रोते. शोषखड्ड्यांच्या बाबतीत हा जिल्हा कुणाकडून शिकण्याच्या पंगतीतला नाही. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून नाल्या बंद केल्या आणि 'डासमुक्त गाव' म्हणून नाव कमावलं. ती रीत पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली, रोजगार हमीच्या कामांतही आली.

खड्डा चार बाय चार बाय चार फुटांचा. मधोमध सिमेंटची टाकी, तिच्या वरच्या भागाला भोकं. टाकीभोवती तळाला मोठे दगड, वर लहान गोटे आणि विटांचे रोडे. त्यावर पोती किंवा प्लास्टिकचा कागद, मग माती. मोरीचं पाणी पाइपातून टाकीत येतं, गाळ तळाशी बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून मुरमात उतरतं. गवंड्याने दोन घागरी ओतल्या. सगळे वाकून बघत होते. पाणी टाकीत चढलं, भोकांपाशी आलं आणि थांबलं; वर येईना. एक म्हातारा हसला. "गिळायलाय की!"

तेवढ्यात दारात भांडी घासत बसलेल्या घरच्या बाईने विचारलं, "आन् ह्यो भरल्यावर?"

दिवसभरात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. भिंतीवरच्या घोषणांत त्याचं उत्तर नसतं. गवंडी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. मोरीला जाळी लाव, म्हणाला. भात, चहाची पावडर, राख आत जाऊ देऊ नको. खड्ड्याच्या अलीकडं हा लहान चेंबर केलाय, त्यातला गाळ आठवड्याला काढ. पाणी जिरेनासं झालं की दगड काढून धुवायचे, परत भरायचे. "आणि मावशी, यात संडासचं पाणी सोडायचं नाही. हा नुसता मोरीचा."

माणशी ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं, हे जलजीवन मिशनचं माप. पाच जणांच्या घरात रोज पावणेतीनशे लिटर येतं आणि त्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. नळ आला तेव्हा गावाने नारळ फोडला. या सव्वादोनशे लिटरचं काय करायचं, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. ते गल्लीत साचतं, त्यात क्युलेक्स डास होतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. नांदेड हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. आशाताईंनी मात्र एक गोष्ट ठासून सांगितली, ती मला आवडली: डेंग्यूचा डास घाण पाण्यात होत नाही, तो तुमच्या झाकण नसलेल्या रांजणात होतो. शोषखड्डा केला म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, रांजण रिकामं करून वाळवायचा, पाळायचा सोडू नका.

जेवणानंतर विषय संडासच्या टाकीवर आला आणि आवाज चढले. एक गवंडी छाती फुगवून म्हणाला, "मी बांधलेली टाकी वीस वर्षं झाली, अजून उपसली नाही." त्याला वाटलं कौतुक होईल. खड्डा शिकवणारा गवंडी म्हणाला, "मग ती टाकी नाही. विहीर आहे."

खालून पक्की असलेली टाकी भरणारच. जड मैला तळाला बसतो, हलका तरंगतो, मधलं पाणी पुढच्या कप्प्यात आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. न भरणारी टाकी बहुधा बिनतळाची असते किंवा तडकलेली. तिच्यातलं सगळं जमिनीत गेलेलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १८ मीटर अंतर हवं. आपल्याकडं तर खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून पाणी किती लांब जाईल, हे वरून दिसत नाही. मोरीचा खड्डा जिरवायचा असतो, टाकी साठवायची असते. आपण नेमकं उलटं करून ठेवलंय: खड्डे गाळाने तुंबलेत आणि टाक्या गळतात.

दोन खड्ड्यांच्या संडासात चूक वेगळी. एक भरला की दुसरा चालू करायचा, भरलेला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, मग त्यातलं खत मातीसारखं निघतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये शेजारच्या तेलंगणात, वरंगळजवळच्या गंगादेवीपल्लीत केंद्र सरकारचे स्वच्छता सचिव स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते खत हाताने काढलं. पण आमचे गवंडी दोन्ही खड्डे पाइपाने एकमेकांना जोडून टाकतात. मग दोन्ही ओलेच राहतात आणि खत कधीच होत नाही.

लातूरला घरी परतल्यावर मी मैला उपसणाऱ्या गाडीमागे एक सकाळ घालवली. जाड नळी, थरथरणारा पंप, अर्ध्या तासात काम फत्ते. गाडीवाला टाकीत उतरत नाही. २०१३ च्या कायद्याने कुणाला संरक्षणाशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे. टाकीतला विषारी वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. असा मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तरी "खाली उरलेलं जरा काढून दे" म्हणणारे घरमालक भेटतात, असं तो म्हणाला. गाडी कुठं रिकामी करता, या प्रश्नावर त्याने फक्त पंप मोठा केला.

वाई शहराने २०१८ पासून ठरल्या वेळी, दर तीन वर्षांनी, प्रत्येक घरची टाकी उपसायला सुरुवात केली. तो मैला प्रक्रिया केंद्रात जातो. टाकी तुंबायची वाट बघायची नाही. आपल्याकडं टाकी तुंबल्यावर गाडी येते, पाहुण्यांच्या आदल्या दिवशी.

एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच लातूर शहरात. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. तेव्हा घागरीतला थेंबही आम्ही सांडू देत नव्हतो. त्याच काळात कॉलन्यांमध्ये बोअर खोल खोल जात होते आणि टाक्या त्यांच्या शेजारीच होत्या.

रात्री वडिलांना आमच्या टाकीचं विचारलं. "कधीच भरली नाही बघ," ते अभिमानाने म्हणाले. झाकण कुठाय? पोर्चच्या फरशीखाली, फरशी बसवताना बुजवलं. सकाळी टेप घेऊन मोजलं. टाकीच्या कडेपासून बोअर एकोणीस फुटांवर आहे. गुरुवारी गवंडी फरशी फोडायला येतोय.