उद्याच्या फोडणीचा भात

सोमवारच्या डब्यात फोडणीचा भात द्यायचा, म्हणून रविवारी रात्रीच भात जास्त लावला जातो. बेत उत्तमच. गार होताना भातातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, शितं सुटी राहतात, भात गिचका होत नाही. पण तो ओट्यावर रात्रभर झाकून ठेवणं मला खरंच धोक्याचं वाटतं. तांदळात 'बॅसिलस सिरियस' या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. कोमट भातात ते रुजतात. त्यांतले काही असं विष तयार करतात, की सकाळची कडकडीत फोडणीही ते नष्ट करू शकत नाही. म्हणून भात परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, ५ अंश सेल्सिअसच्या खाली. दुसऱ्या दिवशी परतताना पाण्याचा हबका मारून दणदणीत वाफ आणा.