गॅसची शेगडी आणि सुके बोंबील

आज बोलायचंय समुद्राविषयी. नाशिकला कुठला आला समुद्र, असं म्हणाल. पण मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत ना, तिथवर पेट्रोल-डिझेल मुंबईहून जमिनीखालच्या नळातून येतं. मुंबईच्या कारखान्यांना लागणारं काही कच्चं तेल समुद्राच्या तळाखालून निघतं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, ‘मुंबई हाय’ इथे १९७४ साली तेल सापडलं. ओएनजीसी तिथलं तेल आणि गॅस नळाने उरणला आणते. आणि आपल्या बाजारातले सुके बोंबील, जवळा, सोडे येतात तेही समुद्रातूनच.

तेल सांडलं की मासे मरतात, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण मोठा मासा बऱ्याचदा पोहून लांब जातो. खरी झळ बसते अंड्यांना आणि बारीक पिलांना. बऱ्याच माशांची अंडी-पिलं पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, आणि तेलाचा तवंग पसरतो तोही तिथेच. मे १९९३ मध्ये मुंबई हायहून येणारा नळ फुटला होता. पावसाळा तोंडावर होता. त्या दिवसांत अनेक माशांची वीण होते, म्हणून तर जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतात. तेव्हा मेलेलं पिलू जाळ्यात कधी येतच नाही. मग त्याचा हिशेब कोण ठेवणार?

तेल शोधतानाही त्रास होतोच. जहाजामागे हवेच्या तोफा ओढतात. दर दहा-पंधरा सेकंदांनी धमाका, तोही रात्रंदिवस. तळाखालून परत येणाऱ्या आवाजावरून तेलाचा माग लागतो. आपल्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, तसा हा समुद्रातला पाणाड्या, पण भलताच दणका देणारा! डॉल्फिन आवाजावरच वाट आणि भक्ष्य शोधतात, त्यांना या गोंगाटात काही सुधरत नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना अशा तोफेपासून किलोमीटरभर लांबही माशांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव मेलेले आढळले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तेलविहिरींच्या फलाटांभोवती ५०० मीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्यांच्या खांबांपाशी माशांना आडोसा मिळतो. शिवाय किनाऱ्याला लागणारं सगळंच तेल विहिरींचं नसतं. गोव्याच्या वाळूत पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ते तपासले, तेव्हा काही मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काही जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाशी.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. भरपाईची चर्चा बहुतेक वेळा बोटीपाशीच थांबते. बोट रिकामी आली की मासळी निवडणारी, वलांडीवर बोंबील वाळवणारी, पाटी घेऊन विकणारी बाई त्याच दिवशी घरी बसते. बचत गटाचा हप्ता तिलाही असतोच की.

आणि एक घरातली गोष्ट. मासळीला रॉकेलसारखा वास आला तर घेऊ नका. तो वास मांसात मुरलेला असतो, कितीही धुतलं, चिंच-मीठ लावलं तरी जात नाही.