शरीराला माणसं कळतात

दुपारची कामं आवरून कुणी गहू निवडत बसली असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "संध्याकाळी गाडीचा आवाज आला की माझी छाती धडधडते. तव्यावरची भाकरी करपून जाते." गाडी परक्याची नव्हे, घरच्याच माणसाची. ते ऐकून आणखी दोघींनी मान खाली घातली. तिसरी मात्र म्हणाली, "आमचे हे आले की मला हायसं वाटतं." आवाज तोच, मग दोघींच्या अंगात वेगळं का घडतं?

अंधारात गोठ्यात पायाजवळ काही सळसळलं तर काय होतं? काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हातपाय ताठ होतात. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात. मेंदूला धोका जाणवला की त्या आधी अ‍ॅड्रिनलिन आणि मग कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. रक्तदाब आणि साखर वाढते, पळायला बळ येतं. पचनाचं काम मागे पडतं. धोका टळला की शरीर पुन्हा जागेवर येतं. यामुळेच तर जीव वाचतो.

पण धोका रोज घरातच असेल तर? टोमणे, अबोला, शिवीगाळ, मार. शरीर त्यालाही धोकाच समजतं. मग ते जागेवर येतच नाही. झोप उडते, डोकं ठणकतं, पोट बिघडतं, रक्तदाब वाढतो. लोक म्हणतात, "हिला सारखं काहीतरी होतंच." ती नाटकं करत नसते, बायांनो.

अमेरिकेत 42 जोडप्यांवर एक अभ्यास झाला, तो 2005 साली छापून आला. त्यांच्या हातावर बारीक फोड आणून ते किती दिवसांत भरतात हे पाहिलं. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कडवटपणा जास्त होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या जेमतेम 60 टक्के होता. म्हणजे घरातलं भांडण कातडीपर्यंत पोहोचतं.

आता चांगली बाजू. 2006 साली तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात 16 विवाहित बायांना सांगितलं, की विजेचा हलका झटका बसेल. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ कमी झाली. ज्यांचं आपसात चांगलं पटत होतं, त्यांची तर आणखी कमी झाली.

आधार देणारा हात नवऱ्याचाच हवा असं नाही. माझं दुसरं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा जाऊबाई रात्रभर माझा हात धरून बसल्या. कळा तेवढ्याच होत्या, पण भीती ओसरली. कमी वजनाच्या बाळाला छातीशी, अंगाला अंग लावून धरायला सिस्टर सांगतात, तेव्हा बाळाचं अंग उबदार राहतं, श्वास आणि ठोके स्थिर राहतात. जवळच्या माणसाचं असणं हेसुद्धा औषधच आहे.

मग आपण काय करायचं? बैठकीत हिशोबाआधी पाच मिनिटं प्रत्येकीला विचारा, "झोप लागते का?" उत्तर मिळालं की लगेच सल्ला देऊ नका, आधी ऐका. दवाखान्यात एकटीला पाठवू नका, कुणीतरी सोबत जा. रक्तदाब तपासून घ्या, आणि गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका. घरात जेवणाच्या ताटावर भांडण नको, हे पुरुषांनाही सांगा. मन फारच जड झालं तर 14416 वर फोन करा, तिथे मोफत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. जिथे मारहाण आहे, तिथे "तू शांत राहा" हा उपाय नव्हे. तिचं शरीर खरंच सांगत असतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरोधातला कायदा तिच्या बाजूने आहे. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. जीवाला धोका असेल तर 112 लावा.

त्या ताईंकडे आता गटातल्या दोघी दिवेलागणीला ओट्यावर जाऊन बसतात. गाडीचा आवाज अजून येतो. पण परवा ताई म्हणाल्या, "तुम्ही असलात की भाकरी करपत नाही."

तुमच्या गल्लीत कुणाची भाकरी करपते आहे? आज संध्याकाळी जरा जाऊन या.